कोर्लई : कुंडलिकेच्या मुखाशी टिकलेली एक भाषा

अलिबागहून दक्षिणेस मुरुडकडे जाणारा रस्ता नागाव आणि चौल या माडापोफळींच्या वाड्यांनी वेढलेल्या गावांतून रेवदंड्यास पोहोचतो, आणि तेथे कुंडलिका नदीची विस्तीर्ण खाडी समोर येते. खाडीच्या पैलतीरी एक लांबट, अरुंद डोंगर थेट समुद्रात शिरलेला दिसतो. त्याच्या तिन्ही बाजूंना पाणी आहे. माथ्यावर कोर्लईच्या किल्ल्याची तटबंदी डोंगराच्या पाठकण्यासारखी दक्षिणोत्तर पसरली आहे. पश्चिमेच्या अंगाला दीपगृह आहे. आणि पायथ्याशी, खाडी व समुद्र यांच्यामधील सखल भूमीवर मुरुड तालुक्यातील कोर्लई हे गाव वसले आहे. किनाऱ्यावरील इतर गावांसारखेच ते एक गाव. होड्या, वाळत घातलेली मासळी, भातशेती, कौलारू घरे. प्रवासी किल्ला पाहतात, दीपगृह पाहतात आणि जंजिऱ्याच्या वाटेला लागतात.

या गावात एक लहानशी ख्रिस्ती वस्ती आहे. माउंट कार्मेलच्या मातेच्या नावाने असलेल्या चर्चच्या आसपास ही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. बाजारात, कचेरीत, शेजाऱ्यांशी ती मराठीत बोलतात, आणि त्यांची मराठी या किनाऱ्यावरील कोणत्याही गावकऱ्याच्या मराठीसारखीच आहे. घराचा उंबरठा ओलांडून आत गेले की मात्र भाषा बदलते. शब्द ऐकावे तर ते पोर्तुगीज भासतात. वाक्याची ठेवण पाहावी तर ती मराठीची वाटते. बोलणारी माणसे तिला ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, असे म्हणतात. ‘क्रिस्ती’ असेही तिचे एक नाव आहे. भाषाशास्त्राच्या ग्रंथांतून ती ‘कोर्लई क्रिओल पोर्तुगीज’ या नावाने ओळखली जाते. तिच्या भाषकांची संख्या सुमारे एक हजाराच्या घरात, किंबहुना त्याहून थोडी कमीच, धरली जाते. पोर्तुगीजांची सत्ता या किनाऱ्यावरून १७४० मध्ये गेली. तिने मागे ठेवलेली ही भाषा पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ एका खेड्यात टिकून राहावी, ही गोष्ट साधी नव्हे. ती कशी टिकली आणि आज तिच्यापुढे कोणता प्रश्न उभा आहे, हे समजून घ्यावयाचे तर प्रथम नदीच्या मुखाकडे आणि तेथील जुन्या बंदराकडे वळावे लागेल.

बंदर आणि डोंगर

कुंडलिका सह्याद्रीत भिऱ्याच्या बाजूस उगम पावते आणि कोलाड, रोहा या गावांवरून वाहत रेवदंड्याजवळ अरबी समुद्रास मिळते. भिऱ्याचे जलविद्युत केंद्र १९२७ मध्ये सुरू झाल्यापासून मुळशी धरणाचे पाणी घाट उतरून या नदीत येते. तिच्या वरच्या पात्राला बारमाही प्रवाह लाभला तो या विसाव्या शतकातील व्यवस्थेमुळे. मुखाशी असलेल्या खोल व सुरक्षित खाडीचे महत्त्व मात्र फार प्राचीन आहे. टॉलेमीच्या भूगोलात व त्याआधीच्या ‘पेरिप्लस’मध्ये ज्या बंदराचा उल्लेख येतो ते सिमुल्ला अथवा सेमुल्ला म्हणजे चौल, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अरब लेखकांनी त्याला सैमूर म्हटले. दहाव्या शतकाच्या आरंभी अल्-मसूदी हा प्रवासी येथे येऊन गेला, आणि पंधराव्या शतकात अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याने हिंदुस्थानच्या भूमीवर पाऊल ठेवले तेही चौललाच.

पोर्तुगीजांचे या खाडीशी पहिले नाते रक्ताचे आहे. १५०८ मध्ये इजिप्तच्या आणि गुजरातच्या आरमारांनी चौलच्या खाडीत पोर्तुगीज जहाजे गाठली. त्या युद्धात पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा याचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. बापाने पुढच्याच वर्षी दीवच्या समुद्रात त्याचा सूड उगवला, आणि त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीज आरमाराला तोंड देऊ शकेल असे बळ दीर्घकाळ उरले नाही. चौल त्या वेळी अहमदनगरच्या निजामशाहीकडे होते. प्रथम वखार आणि नंतर, १५२१ मध्ये, किल्ला बांधण्याची परवानगी बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांना दिली. अशा रीतीने एकाच नावाची दोन गावे शेजारी शेजारी नांदू लागली : वरचे चौल निजामशहाचे, आणि समुद्रालगतचे खालचे चौल, म्हणजे आजचे रेवदंडे, पोर्तुगीजांचे. रेशमी वस्त्रांचे माग, घोड्यांचा व्यापार, होर्मुझशी चालणारी ये-जा यांनी हे गाव गजबजून गेले. रेवदंड्याच्या तटबंदीच्या आत माडांच्या सावलीत उभे असलेले चर्चच्या मनोऱ्याचे अवशेष त्या वैभवाची साक्ष आजही देतात.

पलीकडच्या डोंगराला पोर्तुगीज ‘मोर्रो’ म्हणत. त्यांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ केवळ ‘टेकडी’ असा आहे. पण ही टेकडी ज्याच्या हाती त्याच्या हाती खाडीचे तोंड. १५७० मध्ये मुर्तझा निजामशहाने चौलला वेढा घातला, तो पुढच्या वर्षी त्याला उठवावा लागला. त्यानंतर वीस-एक वर्षांनी निजामशाहीने कोर्लईच्या डोंगरावर पक्का किल्ला बांधून तोफा चढविल्या, तेव्हा रेवदंड्याचा श्वासच कोंडला. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी मोठी चढाई करून तो किल्ला जिंकला व पुढे आपल्या पद्धतीने वाढविला. बुरुजांना ख्रिस्ती संतांची नावे दिली गेली, आत प्रार्थनामंदिर झाले, पाण्याची टाकी झाली. १६८३ मध्ये संभाजीमहाराजांच्या सैन्याने चौलवर केलेल्या मोहिमेतही हा डोंगर पोर्तुगीजांच्या हाती राहिला. अखेर वसईच्या मोहिमेच्या काळात, १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी पाठविलेल्या सुभानराव माणकरांनी कोर्लई घेतली आणि १७४० च्या तहाने चौल व कोर्लई मराठ्यांच्या ताब्यात आली. पोर्तुगीज अधिकारी, सरदार, सधन घराणी गोव्याकडे निघून गेली.

सर्वच जण गेले नाहीत. इतिहासाच्या पुस्तकांत तहाचे कलम येते, पण कोण मागे राहिले याची नोंद क्वचितच येते. मागे राहिले ते बहुतांशी जावयाचे साधन नसलेले लोक : शिबंदीतील एतद्देशीय शिपाई, सेवक, कष्टकरी, आणि त्यांची कुटुंबे. कोर्लईची ख्रिस्ती वस्ती त्यांच्यापासून वाढली, असे भाषेच्या व इतिहासाच्या अभ्यासकांचे मत आहे.

भाषा घडली कशी

पोर्तुगाल हा मुळात लहान देश. त्यातून निघून महिनोन्‌महिने समुद्रप्रवास करून येणाऱ्यांत पुरुषच अधिक. पूर्वेतील ठाण्यांत त्यांनी स्थानिक स्त्रियांशी विवाह करावेत, हे धोरण गोव्यात आल्बुकर्कच्या वेळेपासूनच अवलंबिले गेले होते, आणि इतर ठाण्यांतही तेच घडत गेले. किल्ल्याच्या आणि बंदराच्या आसऱ्याने जी वस्ती जमली ती एकजिनसी नव्हती. धर्मांतरित स्थानिक, अन्य बंदरांतून आलेले खलाशी, आफ्रिकेतून आणलेले गुलाम, मिश्र कुटुंबांतील मुले अशी ती नाना प्रकारची होती. अशा ठिकाणी कामापुरती पोर्तुगीज सर्वांना शिकावी लागे, पण ती शिकविणारे कोणी नसे. प्रौढ माणसे ती तोडक्यामोडक्या रूपात उचलीत. त्यांच्या मुलांच्या कानी मात्र तीच पहिली भाषा म्हणून पडे, आणि मुले तिला नियम लावून, तिच्यातील उणिवा भरून काढून, पुरी भाषा बनवीत. अशा रीतीने जन्मलेल्या भाषेला ‘क्रिओल’ म्हणतात. ती मूळ भाषेचा अपभ्रंश अथवा अशुद्ध रूप असते, हा समज चुकीचा आहे. तिला स्वतःचे व्याकरण असते, आणि त्यात चूक-बरोबर सांगण्याचा अधिकार तिच्या भाषकांनाच असतो.

येथे एक शंका स्वाभाविकपणे उद्भवते. पोर्तुगीजांची सत्ता वसईतही होती, आणि चौलपेक्षा मोठ्या प्रदेशावर होती. मग वसईच्या ख्रिस्ती समाजाच्या घरात मराठीच्याच बोली, सामवेदी आणि वाडवळी, का राहिल्या? याचे उत्तर बहुधा समाजाच्या घडणीत आहे. वसई परिसरात शेतीवाडी करणाऱ्या जमाती मोठ्या संख्येने धर्मांतरित झाल्या. त्यांचे गाव, त्यांचे शेत, त्यांचे नातेसंबंध बदलले नाहीत, त्यामुळे बोलीही बदलली नाही. चौलच्या किल्ल्याभोवती जमलेल्या माणसांना मात्र एकमेकांशी जोडणारी जुनी भाषा एक नव्हती. त्यांना जोडणारा दुवा पोर्तुगीज हाच होता.

मुंबई-वसई भागातही काही ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगीज क्रिओल एके काळी बोलली जात असे. कोशकार सेबास्तियाव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९०६ मध्ये उत्तरेकडील या बोलीवर स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला. पुढे ती बोली मुंबईतून नाहीशी झाली. कोचीजवळील क्रिओल बोलणारी अखेरची व्यक्ती २०१० मध्ये निवर्तली. दमण आणि दीव येथील क्रिओल आजही बोलल्या जातात, परंतु तेथे पोर्तुगीज राज्य १९६१ पर्यंत होते, हे विसरून चालणार नाही. कोर्लईला तो आधार मिळून पावणेतीन शतके लोटली. तुलना करावयाची तर या फरकाची जाणीव ठेवूनच करावयास हवी.

एकटेपणाचे कुंपण

भाषा टिकली ती कोणी ठरवून टिकविली म्हणून नव्हे. तिला एकटेपणाने टिकविले, आणि हा एकटेपणा सुखाचा नव्हता. १७४० नंतर ही कुटुंबे ज्या समाजात राहिली त्यात रोटीबेटीचे व्यवहार जातीच्या चौकटीत होत. या वस्तीला धर्माने त्या चौकटीबाहेर ठेवले होते, आणि ज्या थरांतून ती आली होती त्यांच्याशी इतरांचे वागणे आधीपासूनच अंतर राखण्याचे होते. सोयरिकी वस्तीतल्या वस्तीत होत राहिल्या. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस खाडी, पाठीशी डोंगर. रेवदंड्याच्या बाजाराला जावयाचे तर होडीने पलीकडे जावे लागे. गोव्याशी संबंध उरला तो धर्मगुरूंच्या द्वारेच. पोर्तुगालच्या राजाकडे पूर्वेतील चर्चचे जे पालकत्व होते त्या व्यवस्थेतून पोर्तुगीज जाणणारे पाद्री येथे येत राहिले, आणि प्रार्थना त्या भाषेत ऐकू येत राहिल्या. म्हणजे घरी क्रिओल, चर्चमध्ये पोर्तुगीज, शिवारात व बाजारात मराठी, अशी तीन भाषांची विभागणी या लहानशा वस्तीत दोन शतके सुरळीत चालली.

कोर्लईच्या भाषेबद्दल कौतुकाने बोलताना या पार्श्वभूमीचा विसर पडू नये. ज्या अंतरामुळे एक दुर्मीळ भाषा अभ्यासकांच्या हाती लागली, त्याच अंतराने या माणसांना दीर्घकाळ शिक्षणापासून व बरोबरीच्या वागणुकीपासून दूर ठेवले होते.

मराठीच्या सहवासात

कोर्लईच्या भाषेचा विस्तृत अभ्यास अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी केला असून त्यावरील त्यांचा ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून या भाषेचे जे चित्र उभे राहते ते मराठी वाचकाला विशेष जवळचे वाटेल. तिचा बहुतेक शब्दसंग्रह पोर्तुगीज आहे, परंतु त्या शब्दांची अखेरची आघातहीन स्वरे गळून गेली आहेत. ‘लिंग्वा’ या पोर्तुगीज शब्दाचे ‘लिंग’ झाले ते असे. (मराठी माणसाने हा शब्द प्रथमच ऐकला तर तो क्षणभर बुचकळ्यात पडेल, आणि गावकऱ्यांना याची पुरी कल्पना आहे.) पोर्तुगीज नामांना लिंगभेद आहे व विशेषणे त्याप्रमाणे बदलतात, कोर्लईत हा भेद उरलेला नाही. ‘मी’, ‘तू’, ‘ते’ यांप्रमाणे क्रियापदाची रूपे पोर्तुगीजमध्ये पालटतात. येथे ती पालटत नाहीत.

हे झाले सर्वसाधारण क्रिओल भाषांना साजेसे. वाक्याच्या रचनेत मात्र मराठीचा हात स्पष्ट दिसतो. पोर्तुगीज माणूस कर्ता, मग क्रियापद, मग कर्म असा क्रम ठेवतो. कोर्लईच्या माणसाचे क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी जाते. ‘मारियाचे घर’ असे म्हणावयाचे तर पोर्तुगीजमध्ये आधी घर येते व नंतर मारिया. कोर्लईत आधी मारिया, मग आपल्या ‘चा, ची, चे’ च्या जागी येणारा ‘सु’, आणि मग घर. त्याहून लक्षणीय गोष्ट क्रियापदांची आहे. पोर्तुगीज क्रियापदांचे तीन गण असतात व तेच कोर्लईतही आले. पण शेजारच्या भाषेतून मराठी क्रियापदे घेऊ लागल्यावर या भाषेने त्यांच्यासाठी चौथा, उकारान्त गण निर्माण केला. परकी क्रियापदे कोठेही कोंबून न बसविता त्यांना आपल्या व्याकरणात रीतसर घर बांधून देणारी भाषा मोडकी म्हणता येणार नाही.

देवघेव एकेरी नव्हती. पगार, चावी, घमेले, पिंप, बिजागरी, पाव, बटाटा, काजू, पाद्री हे मराठीत पुरते मिसळून गेलेले शब्द पोर्तुगीजांमार्फतच आले. एखाद्या मराठी सुताराला बिजागरी लावताना आपण परदेशी शब्द उच्चारतो आहोत असे कधी वाटत नाही. दाल्गादो यांनी आशियाई भाषांतील अशा पोर्तुगीज शब्दांचा स्वतंत्र कोशच रचला आणि तो १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. फरक एवढाच, की मराठीने शब्द घेतले आणि आपले व्याकरण तसेच ठेवले. कोर्लईने शब्द पोर्तुगीज ठेवले आणि वाक्य हळूहळू मराठीच्या वळणावर नेले.

आणखी एक बाब या किनाऱ्याच्या संदर्भात सांगण्यासारखी आहे. कोर्लई ही काही एकाकी नवलाई नव्हे. रेवदंडे, अलिबाग या भागांत बेने इस्रायल ज्यू शतकानुशतके राहिले, आणि त्यांनी घरची भाषा म्हणून मराठी स्वीकारली. थोड्या दक्षिणेस मुरुड-जंजिऱ्यास आफ्रिकेतून आलेल्या सिद्द्यांचे राज्य झाले. समुद्राने आणून सोडलेल्या निरनिराळ्या लोकांना सामावून घेण्याची रीत या किनाऱ्याला ठाऊक होती. त्यांतील एकाच वस्तीने बाहेरची भाषा घरात ठेवली, आणि ती भाषाही अखेर मराठीच्या सावलीत वाढली.

पूल, शाळा आणि प्रार्थना

बदलाची सुरुवात चर्चपासून झाली. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासना लोकांच्या भाषेत करण्यास अनुमती दिली. कोर्लईत लोकांची भाषा याचा अर्थ मराठी असा घेतला गेला. त्याच दशकात पोर्तुगीज जाणणाऱ्या पाद्र्यांची परंपराही संपुष्टात आली. धर्मगुरूला आपला उपदेश सर्वांना समजावा असे वाटणे योग्यच होते, आणि घरच्या भाषेला लिपी नाही, ग्रंथ नाही, तिच्यात उपासना कशी करावी, हा प्रश्नही खरा होता. परंतु पोर्तुगीजशी असलेला अखेरचा धागा यामुळे तुटला. जी भाषा आठवड्यातून एकदा तरी आपल्या मूळ शब्दांचा आवाज ऐकत होती, तिच्या भोवती आता केवळ मराठी राहिली.

दुसरा बदल १९८० च्या दशकात झाला. रेवदंडे आणि साळाव यांना जोडणारा पूल कुंडलिकेवर उभा राहिला, आणि कोर्लई अलिबागशी व तेथून मुंबईशी थेट रस्त्याने जोडली गेली. या पुलाचे महत्त्व वादातीत आहे. आजारी माणसाला रात्री दवाखान्यात नेणे, मासळी व भाजी वेळेवर बाजारात पोहोचविणे, मुलांना पुढील शिक्षणासाठी पाठविणे या गोष्टी भरती-ओहोटीवर अवलंबून राहिल्या नाहीत. नंतर साळावला लोखंडाचा मोठा कारखाना आला, त्याबरोबर बाहेरची माणसे आली. तरुण नोकरीसाठी मुंबईकडे गेले, काही समुद्रापार गेले. वस्तीबाहेरच्या सोयरिकी होऊ लागल्या, आणि जेथे वधू किंवा वर बाहेरून येतो तेथे घराची भाषा बहुधा मराठी होते. येथे कोणी कोणावर सक्ती केलेली नाही.

तिसरी गोष्ट शाळेची, आणि भाषेच्या दृष्टीने तीच सर्वांत निर्णायक आहे. पहिलीच्या वर्गात येणारे ख्रिस्ती वस्तीतील मूल मराठी पुरते न समजता आले, तर ते मागे पडते. हे ध्यानी आल्यावर कित्येक आईबापांनी मुलांशी घरीही मराठीतच बोलावयास सुरुवात केली. आपल्या मुलाने मागे पडू नये म्हणून एखादी आई आपलीच भाषा बाजूला ठेवते, तेव्हा तिला दोष कोण देईल? तथापि, एखादी भाषा नाहीशी होते ती बहुधा अशाच क्षणी. म्हातारी माणसे ती विसरत नाहीत; मुलांना ती सांगितली जात नाही, इतकेच.

येथे एका गैरसमजाची दखल घ्यावयास हवी. दोन भाषा एकत्र शिकल्याने मूल गोंधळते व कोणतीही धड शिकत नाही, असे अनेकांना वाटते. कोर्लईचाच इतिहास याच्या विरुद्ध आहे. तेथील माणसे पिढ्यान्‌पिढ्या दोन भाषा सहज बोलत आली, आणि क्रिओल बोलल्यामुळे त्यांच्या मराठीत काही उणे राहिले नाही. मराठी घरात आणावयास हरकत नाही. त्यासाठी दुसरी बाहेर काढावी लागते, ही समजूत तेवढी निराधार आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे पाचवीपर्यंतचे शिक्षण घरच्या भाषेतून देण्याचे तत्त्व मांडले आहे. कोर्लईसारख्या ठिकाणी स्वतंत्र माध्यम म्हणून ते अमलात आणणे शक्य होणार नाही, कारण एकाच गावात मासेमारी करणाऱ्या कोळी घरांतील आणि ख्रिस्ती घरांतील मुले शिकतात. परंतु नव्याने आलेल्या मुलाने वर्गात घरचा शब्द उच्चारला तर शिक्षकाने तो न हसता ऐकून घ्यावा व त्याचा मराठी पर्याय शेजारी ठेवावा, एवढे करण्यास वेगळ्या तरतुदीची आवश्यकता नाही.

नोंदीचे काम

दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांची नावे १९७१ पासून जनगणनेच्या प्रसिद्ध तक्त्यांत स्वतंत्रपणे दिली जात नाहीत. त्या ‘इतर’ या सदरात जातात. त्यामुळे महाराष्ट्रात बोलल्या जाणाऱ्या भाषांची अधिकृत यादी चाळणाऱ्यास कोर्लईच्या भाषेचे नाव आढळणार नाही. जनगणनेच्या दृष्टीने ही सोय समजण्यासारखी आहे. पण याचा परिणाम असा, की या भाषेची मोजदाद करण्याचे काम बाहेरून येणाऱ्या अभ्यासकांवर पडले. त्यांनी ते परिश्रमपूर्वक केले, ग्रंथ लिहिले, आणि ते ग्रंथ इंग्रजीत, दूरदूरच्या विद्यापीठांत राहिले. ज्यांच्या तोंडची भाषा त्यांत नोंदली आहे त्यांतील बहुतेकांनी ते पाहिलेलेही नसतील.

मराठीतून करावयाचे काम पुष्कळ शिल्लक आहे. लग्नप्रसंगी व सणाला गायली जाणारी जुनी गाणी, वृद्ध स्त्रियांना ठाऊक असलेल्या कहाण्या, शेतीच्या व मासळीच्या संदर्भातील शब्द यांची ध्वनिमुद्रणे करून ठेवणे हे पहिले. ते गावातीलच तरुण-तरुणींनी केल्यास अधिक बरे, कारण परक्यासमोर माणूस आपली घरची भाषा थोडी सावरूनच बोलतो. दुसरे, मराठी अर्थ दिलेला एक लहान कोश. त्यासाठी लिपीचा प्रश्न सोडवावा लागेल. पोर्तुगीजशी नाते म्हणून रोमन लिपी निवडावी असे प्रथमदर्शनी वाटते, पण कोर्लईच्या मुलाला पहिल्यांदा वाचावयास येते ती देवनागरी. मराठीने इंग्रजी शब्दांसाठी ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ही चिन्हे स्वीकारली आहेतच, आणि पसरट ‘ए’ व उघडा ‘ओ’ दाखविण्यास ती येथेही उपयोगी पडतात. भाषेच्या नावातील पहिले अक्षर ‘नो’ असे न लिहिता ‘नॉ’ असे लिहिले, तरच ते कोर्लईच्या माणसाच्या तोंडून येते तसे वाचले जाते.